सुपारीच्या पाकिटावरचा फोटो

तो व्हिडिओ तुम्हा दोघांना कोणी पाठवला हे मला माहीत आहे, आणि ज्याने पाठवला त्याच्याशी मी बोलून घेतले आहे. हॉलभर माणसे तोंडात बोटे घालून बसली आहेत, स्टेजवर मोठे आजोबा शाल पांघरून लालबुंद झाले आहेत आणि मागे कोणीतरी मोठ्याने हसते आहे. तुम्ही विचारलेत, "आजी, हे काय चाललंय?" फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. फोनवर तुमची आई मध्येच विषय बदलते. म्हणून लिहिते. तुम्हाला मराठी वाचता येते असे तुमच्या वडिलांचे म्हणणे आहे. ते कितपत खरे आहे तेही यातून कळेल.

माईक धरून उभी आहे ती तुमची ताई, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची नात. ती दातांची डॉक्टर आहे आणि मुंबईत पुढचे शिक्षण घेते आहे. लालबुंद झालेले ते माझे मोठे दीर, आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. मागे हसते आहे ती मी.

आमच्या घराण्याला सुपारीचा फार अभिमान आहे. झाडाने केलेल्या कामाचा अभिमान माणसाने बाळगायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. वसई गावातल्या वाडीत पूर्वी केळी, पानवेल आणि सुपारीच्या पोफळी होत्या. आता निम्म्या वाडीवर इमारत उभी आहे आणि उरलेल्या निम्म्या वाडीत पोफळी आहेत, त्या कोणी तोडल्या नाहीत म्हणून. माझे दीर बँकेतून निवृत्त झाले. आयुष्यात ते कधी पोफळीवर चढले नाहीत की शिंपण्याला त्यांनी हात लावला नाही, पण सुपारीबद्दल बोलू लागले की वाटावे, ती त्यांनीच शोधून काढली. सकाळच्या चहाआधी त्यांच्या गालात पहिले खांड जाते. पूजेला बसताना ते गालात असते, पाहुण्यांशी बोलताना असते, आणि डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटले की ते क्षणभर तळहातावर काढून घेतले जाते, तपासणी झाली की परत आत. हे मी पाहिलेले आहे.

मी सुपारी कधी खाल्ली नाही. या घरात आले तेव्हा मी इंग्रजी शाळेत शिकलेली, शिकवणारी, आणि नवी नवरी पानाचे तबक पुढे सरकवते म्हणजे काय, अशी बरीच चर्चा झाली. ती चर्चा अजून संपलेली नाही. पण म्हणून माझे दात मोत्यासारखे आहेत असे समजू नका. ताई म्हणते, मी आयुष्यभर दात घासले नाहीत, तासले. हिरडीजवळ दातांना खोबणी पडल्या आहेत. त्यातल्या एका खोबणीत डॉक्टरांनी सिमेंटसारखे काहीतरी भरले, ते पडले. पुन्हा भरले, पुन्हा पडले. दुसऱ्या वेळी तर ते माझ्या पोळीत सापडले. त्या रविवारी ताई माझ्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटवर जेवायला आली होती, तिला मी म्हटले, "तुमच्या धंद्यात सगळे असेच चिकटवतात का?"

"छोटी आजी, भरण पडलं की दर वेळी डॉक्टरच्या नावाने बोटं मोडू नकोस," ती म्हणाली. "दाताच्या वरच्या कडक थराला भरण घट्ट बसतं. तुझा खड्डा मुळाशी आहे. तिथे आतला दात उघडा पडलाय, आणि तो ओलसर असतो."

मग तिने ओट्यावरचे चहा गाळायचे ओले फडके उचलले आणि उजेडात ताणून धरले. दाताच्या आतल्या भागात असेच बारीक धाग्यांचे जाळे असते, ती म्हणाली. त्यावर आधी आम्ल लावतात, म्हणजे वरचे खनिज विरघळते आणि जाळे मोकळे होते. मग त्यात चिकट द्रव मुरवायचा, दिव्याच्या उजेडाने तो कडक करायचा आणि त्यावर भरण बसवायचे. अडचण अशी की द्रव तळापर्यंत पोचत नाही. तळाचे धागे ओलेच राहतात. दातातलीच काही द्रव्ये त्या उघड्या धाग्यांना हळूहळू खातात. वरून भरण अगदी शाबूत दिसते, खालून पकड केव्हाच सुटलेली असते.

"म्हणजे आमच्या मंडळासारखं," मी म्हटले.

ती हसली. मग म्हणाली, "यावर लोक एक गोष्ट करून पाहताहेत. द्राक्षाच्या बिया, चहाची पानं, कितीतरी झाडांच्या साली, यांत तुरट द्रव्यं असतात. कातडं कमावताना साल वापरतात ना, तेच तत्त्व. ते द्रव्य धाग्याला धागा बांधून ठेवतं, मग जाळं लवकर कुजत नाही. चिकट द्रवाच्या आधी मिनिटभर हा अर्क लावायचा. आमच्या लॅबमध्ये मी द्राक्षाच्या बियांवर करतेय."

"मग माझ्या दाताला लाव की तोच अर्क."

"नाही."

"का? या वयात माझं काय बिघडणार आहे?"

"मी ते उपटलेल्या दातांवर करते, छोटी आजी. बाटलीतल्या पाण्यात ठेवलेल्या. मग यंत्रात ओढून बघते, कधी सुटतं. तुझ्या तोंडात थुंकी आहे, गरम चहा आहे, चावणं आहे. तिथे ते किती वर्षं टिकेल मला माहीत नाही. जे मला माहीत नाही ते मी तुझ्या तोंडात घालणार नाही."

माझा दात तिने नेहमीच्याच पद्धतीने भरला, फक्त तो कोरडा ठेवायला भरपूर वेळ घेतला. ते भरण अजून जागेवर आहे. पण मला लक्षात राहिले ते तिचे "माहीत नाही". या घरात इतक्या वर्षांत ते वाक्य कोणी न लाजता उच्चारलेले मी ऐकले नव्हते. आमच्याकडे माणसे आधी उत्तर देतात आणि प्रश्न काय होता ते नंतर विचारतात.

आता सुपारी यात कशी आली ते सांगते. सुपारीही तुरटच. बागायतदाराच्या घरातली मुलगी, तिला वाटले, आपल्या वाडीतली सुपारीही लॅबमध्ये घालून पाहावी. विद्यार्थ्याने असेच करायला हवे. ती आजोबांकडे गेली आणि ओल्या सुपाऱ्या मागितल्या. कशाला, असे त्यांनी विचारले, तेव्हा तिने मला सांगितले तेच सगळे त्यांना सांगितले, फडके ताणून धरण्यासकट. त्यातून त्यांना दोनच शब्द ऐकू आले: सुपारी आणि दात.

प्रयोगात सुपारीच्या अर्काने दाताचा तुकडा चॉकलेटी झाला. तेही चालले असते, पण तो अर्क लावला की वरचा चिकट द्रव दिव्याखाली नीट कडकच होईना, बोटाला चिकटायचा. ताईने परत परत करून पाहिले. शेवटी तिच्या सरांनी सांगितले, सुपारी सोड, द्राक्षाच्या बियांचे पुढे ने. "सुपारी नापास," तिने मला फोनवर सांगितले आणि तिच्या दृष्टीने तो विषय संपला. तिच्या आजोबांच्या दृष्टीने तो नुकता सुरू झाला होता.

पुढच्या रविवारी मी वाडीवर गेले तर पडवीत मंडळाचे चिटणीस बसले होते. माझ्या दिरांपेक्षा थोडे लहान, तितकेच निवृत्त आणि तितकेच गालफुगे.

"अध्यक्ष," चिटणीस म्हणत होते, "परदेशातले डॉक्टर आता म्हणे आपल्या सुपारीने दात जोडतात."

"म्हणे कशाला? घरात सिद्ध झालंय. नातीने केलंय."

"बघा! आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. म्हणून तर आपले म्हातारे शेवटपर्यंत दातांनी ऊस सोलून खायचे."

"तुमच्या वडिलांना शेवटी पेज पाजावी लागत होती," मी म्हटले. "मी स्वतः डबा घेऊन आले होते."

"ते वेगळं," चिटणीस म्हणाले. "त्यांना दातच नव्हते."

मुलांनो, असे बोलणाऱ्याशी वाद घालता येत नाही. त्याला फक्त नमस्कार करता येतो. पूर्वजांना सगळे ठाऊक होते, एवढे एकदा म्हटले की स्वतः काही जाणून घेण्याच्या कष्टातून माणूस कायमचा सुटतो. आमच्या मंडळातले निम्मे लोक असे सुटलेले आहेत. उरलेले निम्मे त्यांना अनुमोदन देतात.

मंडळाचे वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले होते. त्यात गुणवंतांचा सत्कार असतो. गुणवंत म्हणजे दहावी-बारावीची मुले, परदेशी गेलेल्यांचे आईवडील, आणि ज्याने हॉलचे भाडे भरले तो. यंदा त्यात ताईचे नाव घातले गेले. ते एवढ्यावर थांबले असते तर मी काही म्हटले नसते. शाल अंगावर घेतल्याने कोणाचे नुकसान होत नाही, फक्त उकडते.

पण दिरांनी पाकिटे करून घेतली. चकचकीत, बोटभर लांबीची पाकिटे. आत वाडीतल्या सुपारीचे सुगंधी तुकडे. वर पोफळीचे चित्र, मधोमध पांढऱ्या कोटातला ताईचा फोटो, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: "दातांना बळकटी. संशोधनाने सिद्ध." संमेलनाला येणाऱ्या प्रत्येकाला जाताना एक फुकट द्यायचे आणि मग गावातल्या दुकानांत ठेवायचे, असा बेत होता. माझ्या जाऊबाईंनी, म्हणजे ताईच्या आजीने, कौतुकाने एक पाकीट ताईला दाखवले. फोटो छान आला आहे म्हणून.

ताई तशीच रिक्षा करून माझ्याकडे आली. पाकीट मुठीत चुरगळलेले होते. चेहरा असा की मी आधी पाणी दिले आणि मग विचारले.

"छोटी आजी, माझ्याकडे रोज माणसं येतात, ज्यांचं तोंड उघडत नाही," ती म्हणाली. "सुपारी, गुटखा, मावा, सगळ्याच्या मुळाशी हीच. गालाच्या आतलं मांस आवळत जातं, दोरीसारखं होतं. परवा नालासोपाऱ्याहून एक रिक्षावाला आला होता, अजून लग्न नाही झालेलं. चमचा आडवा करून घास ढकलतो आत. त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. मी त्याला हात जोडून सांगितलं, सुपारी सोड. उद्या तो माझाच फोटो माझ्यासमोर धरेल. म्हणेल, मॅडम, तुम्हीच तर सिद्ध केलंय."

तिच्या नावाची तिला फार काळजी नव्हती. एखादा माणूस तिच्या चेहऱ्याकडे बघून ते पाकीट फोडेल, याची होती. आम्ही दोघी त्याच रिक्षाने वाडीवर गेलो.

दीर पडवीतल्या खुर्चीत होते, हातात अडकित्ता.

"आजोबा, ही पाकिटं वाटू नका."

"छापून झालीत."

"खोटं छापलंय."

"खोटं? सुपारी तू नेलीस की नाही?"

"नेली."

"दाताला लावलीस की नाही?"

"लावली. नापास झाली."

"पहिल्या खेपेला कोण पास होतं? तुझा बाप बारावीला बसला तेव्हा काय झालं होतं, विचार त्याला."

"आजोबा, सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो."

"मला झाला?" असे म्हणून त्यांनी एक खांड तोंडात टाकले आणि माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाई, हे तुम्ही भरवलंय हिच्या डोक्यात."

"भाऊजी, तिच्या डोक्यात जागा आहे म्हणून भरवता येतं," मी म्हटले.

ताईचे मात्र आमच्या बोलण्याकडे लक्ष नव्हते. ती आजोबांचे तोंड पाहत होती. ते खांड त्यांनी सरळ टाकले नव्हते, ओठांच्या कोपऱ्यातून तर्जनीने आत सरकवले होते. मी हे वर्षानुवर्षे पाहत आले होते आणि ती त्यांची ऐट आहे असे समजत होते.

जाऊबाई आतून चहा घेऊन आल्या. त्या आमच्या घरच्या बोलीत बोलतात, तुमच्यासाठी मी सरळ करून लिहिते.

"आजी, हे जेवतात कसे हल्ली?" ताईने त्यांना हळूच विचारले.

"भाकरी डाळीत भिजवून, कुस्करून देते. आणि तिखट अजिबात चालत नाही आता. साधी मिरची पडली तरी तोंडाची आग होते म्हणतात. वय झालं, बाय."

वय नव्हे. ताईने मला परतीच्या वाटेवर सांगितले, तोंडाची आग आणि मोठा घास न जाणे, तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट इथूनच सुरू होते. मी म्हटले, "मग तिथेच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर म्हणाले असते, पाकिटं थांबवायला हिने रोग काढला," ती म्हणाली. ते खरे होते. सत्काराला जाऊच नकोस, असे मी सुचवले. त्यावर तिने मान हलवली. "मी गेले नाही तरी पाकिटं वाटली जाणारच, छोटी आजी. मग खरं सांगणारं तिथे कोणी नसेल."

संमेलन लग्नाच्या हॉलमध्ये होते. ठरलेल्या वेळी मी पोचले आणि सतरंज्या घालणाऱ्या माणसांशी गप्पा मारत बसले. मंडळी आली ती सावकाश. दिवा लागला, पाहुण्यांचा परिचय झाला, परिचय करून देणाऱ्याचाही परिचय झाला. चिटणीसांनी अहवाल वाचला. वर्षभरात मंडळाने काय केले याचा तो अहवाल होता, आणि मंडळाने वर्षभरात हा अहवाल लिहिला होता. दाराशी टेबलाखाली पाकिटांचे खोके ठेवलेले मला दिसत होते.

मग ताईला शाल, श्रीफळ. "दोन शब्द बोलावेत," असे सूत्रसंचालक म्हणाले, म्हणजे दोनच बोलावेत.

ती सरळ बोलली. भरण दातापासून का सुटते, झाडांतली तुरट द्रव्ये तिथे कशी उपयोगी पडू शकतात, द्राक्षाच्या बियांवर तिचे काम अजून चालू आहे आणि त्यात ठामपणे सांगण्यासारखे काही नाही. "आणि सुपारीवर मी प्रयोग केला. सुपारी नापास झाली," ती म्हणाली.

टाळ्या! कडकडाट! आमच्या लोकांना वाक्य संपल्याचे सुरावरून कळते, अर्थाची त्यांना गरज पडत नाही. सूत्रसंचालकांनी दुसरा माईक उचलला. "म्हणजेच मंडळी, आपल्या वसईच्या सुपारीला आज विज्ञानाची मान्यता—"

"एक मिनिट, काका," ताई म्हणाली. मला वाटले, ही आता खाली उतरेल. ती उतरली नाही. तिने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि समोर वळली. "आता मला सगळ्यांची मदत हवी आहे. हाताची मधली तीन बोटं जुळवा. अशी, एकावर एक, उभी. आणि तोंड उघडून दातांच्या मध्ये घाला."

स्टेजवरून सांगितलेले आमची माणसे मुकाट्याने करतात. टाळ्या वाजवा म्हटले की वाजवतात, उभे राहा म्हटले की उभी राहतात. सगळ्यांनी बोटे घातली. मुले खिदळू लागली. व्हिडिओ सुरू होतो तो इथे.

"ज्यांची तिन्ही बोटं आरामात गेली त्यांनी दुसरा हात वर करा."

मुलांचे हात वर झाले. तरुण मुलींचे झाले. माझाही झाला. पण मधल्या रांगांत, जिथे आमचे बागायतदार, बँकवाले, कंत्राटदार बसतात, तिथे हात खालीच राहिले. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कोणी मान वाकडी करून पाहिली, कोणी बोटे आडवी केली. सुपारी खाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांतही तेच. चिटणीसांची दोन बोटे तोंडाच्या दाराशीच अडकली होती आणि ते इकडेतिकडे बघत होते, जणू बोटे दुसऱ्याची आहेत.

आणि स्टेजवर, सगळ्यांसमोर, अध्यक्ष. आधी ते नातीच्या कौतुकाने हसत हसत बोटे वर नेत होते. एक गेले. दुसरे गेले नाही. ते पुटपुटले, "बोटं जाड आहेत माझी," आणि ते समोरच्या माईकने हॉलभर ऐकवले. मग त्यांनी बोटातली अंगठी काढून खिशात टाकली आणि पुन्हा प्रयत्न केला.

अंगठी काढली तेव्हा मी हसले. ते हसू तुम्ही ऐकलेत. व्हिडिओ तिथेच संपतो, म्हणून पुढचे तुम्हाला दिसले नाही. पुढे त्यांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला, कोणाकडे न बघता, आणि हात खाली घेतला.

"ज्यांची बोटं गेली नाहीत," ताई म्हणाली, "त्यांचं तोंड सुपारीने आवळलंय. अजून आवळेल. काहींचं त्याहून वाईट होईल. उद्यापासून सुपारी बंद करा आणि तोंड दाखवायला या, माझ्याकडे किंवा कोणाकडेही. बाहेर जाताना तुम्हाला पाकीट देतील. त्यावरचा फोटो माझा आहे. त्याखालचे शब्द माझे नाहीत. ते खोटे आहेत."

ती खाली आली. तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, यावरून लोकांना या वेळी समजले होते असे मी धरून चालते.

मग जेवणाची गडबड झाली आणि मी दाराकडे पाहिले. मला वाटले होते तेच चालले होते. इतके सगळे ऐकून, तोंडात बोटे अडकवून घेऊनही माणसे पाकिटासाठी टेबलाशी गोळा होत होती. फुकट वस्तू नाकारणे म्हणजे आमच्याकडे उद्धटपणा समजतात. पण टेबलाखाली खोके नव्हते. ते भिंतीशी एकावर एक रचलेले होते आणि त्यांवर जाऊबाई बसल्या होत्या, नऊवारीचा घेर पसरून.

"काकी, पाकीट?"

"संपली."

"अहो, तुम्ही बसलात त्यावरच—"

"माझे गुडघे दुखतात. संपली म्हटलं ना."

स्वयंसेवक अध्यक्षांकडे धावला. अध्यक्ष स्टेजच्या कडेला एकटेच बसून होते. त्यांनी आपल्या बायकोकडे पाहिले, बराच वेळ पाहिले आणि स्वयंसेवकाला हातानेच जा म्हणून सांगितले. अध्यक्षांच्या बायकोला खोक्यावरून उठवण्याची छाती कोणाची नव्हती. शेवटचा माणूस जेवून जाईपर्यंत त्या उठल्या नाहीत. मी त्यांचे ताट तिथेच नेऊन दिले. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेले मी पाहिले नव्हते, आणि पाऊल टाकले तेही बसून.

पाकिटे वाटली गेली नाहीत. मंडळाच्या इतिवृत्तात "तांत्रिक कारणास्तव वाटप स्थगित" असे नोंदले गेले. लाज वाटली, असे लिहायची सोय इतिवृत्तात नसते. ताईने आजोबांच्या समोर बसून एकेक पाकीट फोडले. सुपारी पोफळीच्या आळ्यातही टाकायची नाही असे जाऊबाईंनी बजावले, म्हणून ती खड्ड्यात पुरली.

दीर तपासणीला लगेच गेले नाहीत. चिटणीस आधी जाऊन आले, तेव्हा गेले. अध्यक्षांना कुठेही दुसरे येण्याची सवय नाही, तेवढा एक अपमान त्यांना गिळावा लागला. डॉक्टरांनी गालाच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत जाऊबाई माझ्याकडे फोन करून काहीच बोलत नसत, नुसता फोन धरून असत. कर्करोग निघाला नाही. पण गाल पूर्ववत होणार नाहीत, असे ताईने त्यांना तोंडावर सांगितले. आता सुपारी बंद आणि रोज व्यायाम: आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि सवय झाली की एक वाढवायची. त्या वेळात त्यांना बोलता येत नाही. या उपचाराचा हा गुण कोणत्या पुस्तकात दिलेला नसेल, पण घरच्या सगळ्यांना तो जाणवला आहे.

गेल्या रविवारी मी वाडीवर गेले तेव्हा ते पट्ट्या धरून पडवीत बसले होते. समोर चिटणीस होते, उत्साहात.

"अध्यक्ष, सुपारीचं जाऊ द्या," चिटणीस म्हणत होते. "मी विचार केला, तुमची नात आता द्राक्षाच्या बियांवर काम करते ना? आपण मंडळातर्फे त्याच बियांचं दंतमंजन काढू. फोटो आहेच आपल्याकडे. मजकूर तोच ठेवला तरी चालेल."

दिरांनी तोंडातल्या पट्ट्या काढल्या. रुमालाने पुसल्या, मांडीवर नीट जुळवून ठेवल्या. जबडा दुखत असावा, कारण त्यांनी तो आधी हाताने चोळला.

"तुमचं तोंड उघडून दाखवा आधी," ते म्हणाले.

चिटणीस हसले. दीर हसले नाहीत. वाट पाहत राहिले. चिटणीसांनी चप्पल शोधली, संध्याकाळी येतो म्हणाले आणि फाटकाबाहेर गेले. दिरांनी पट्ट्या पुन्हा दातांत धरल्या आणि माझ्यासाठी समोरच्या खुर्चीकडे बोट केले. एरवी मी तिथे चहाला थांबत नाही. त्या दिवशी थांबले.